तीन हातांचं पत्र

॥ श्री ॥
पडघा, ता. भिवंडी
१८ जुलै २०२५

चि. भूपेश यास चांगुणा आजीचे अनेक आशीर्वाद.

वरची ओळ सुमतीबाईंची आहे. मी नुसतं 'भूपेश, आजी बोलते' एवढंच सांगितलं होतं. पण बाईंनी तुला चौथीपर्यंत पट्टी मारून अक्षर शिकवलं, तेव्हा पहिल्या ओळीचा मान त्यांना देऊ. पुढचं सगळं माझं. मी बोलते, त्या लिहितात. मधेच माझं 'हाय' खोडून 'आहे' करतात, ते मला त्यांच्या कोपरावरून कळतं.

तुझी आई उरणवरून विचारते, पत्रं कसली पाठवता, फोन करा. तिला सांग, फोनवर म्हातारीला ऐकू येत न्हाय. तू ओरडतोस, मी ओरडते, आणि माझ्या पोटाला काय झालंय ते सगळ्या आळीला कळतं. पत्रातलं फक्त बाईंना कळतं, आणि बाई कोणाला सांगत नाहीत.

आता तुझ्या पेटीचं. देवाच्या फळीखाली ठेवून गेलास त्याला दहा दिवस झाले. तांदळाच्या डब्याएवढी पेटी, पुढे हिरवा दिवा, मागून गरम वारा. मांजर तिला पाठ लावून झोपतं. बंद करू नकोस, वर काही ठेवू नकोस, पाणी सांडू नकोस, असं बजावून गेलास. एवढं मी तुझ्या आजोबांनाही जपलं नव्हतं.

पण ती करते काय? मी विचारलं तर बोललास, आकडेमोड करते. कोणाची? दवाखान्यांची. म्हणजे दुनियेचे रोगी माझ्या घरात? तर बोललास, येतात, पण दिसत नाहीत. पेटीला तरी दिसतात ना? तर नाही, पेटीलाही दिसत नाहीत. मग जे दिसतच न्हाय त्याची बेरीज ती कशी करते, असं विचारायला तोंड उघडलं तोवर तुझी रिक्षा आली.

आणि एवढा मोठा देश सोडून माझंच घर का? तू बोललास, गोडाऊनवाल्यांची जाड तार तुझ्या भिंतीवरून गेलीय. तार तर हिरामणच्या वजनकाट्यावरूनही गेलीय.

नीट समजेल असं लिही. मी अंगठेबहाद्दर आहे, येडी न्हाय. (माझं 'न्हाय' बाईंना तसंच ठेवायला सांगितलंय.)

तुझी आजी, डाव्या हाताचा अंगठा

॥ श्री ॥
बेंगळुरू
३० जुलै २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

तू विचारलंस ते माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना सांगता येत नाही. तरी बघतो.

समज, ओटीवर तीन बायका बसल्यात. तिघींना आपलं वय सांगायचं नाही, पण तिघींची मिळून किती वर्षं होतात ते काढायचंय. प्रत्येकीने आपल्या वयाएवढे तांदळाचे दाणे मोजून घ्यायचे आणि मनाला येतील तसे तीन ढीग करायचे. एक आपल्याजवळ ठेवायचा, बाकीचे दोन दुसऱ्या दोघींना एकेक द्यायचे. आता प्रत्येकीपाशी तीन घरचे तीन ढीग आले. ते तिने एकत्र करायचे. शेवटी तिघींचे तांदूळ एका सुपात ओतून मोजले की बेरीज बरोबर येते, आणि कोणाचंच वय कोणाला कळत नाही. एका ढिगावरून काहीच कळत नाही. तिन्ही मिळाले तरच.

तुझ्या पेटीत असाच एक ढीग येतो. बाकीचे दुसऱ्या गावांतल्या पेट्यांत जातात. सगळ्या पेट्या एकाच घरात ठेवल्या तर कोणीही येऊन ढीग जोडील. म्हणून एक तुझ्याकडे.

आता महत्त्वाचं. ११ ऑगस्टपासून पडघ्याला वीजलाइनचं काम आहे. वीज दिवसभर जाईल, इन्व्हर्टर पुरणार नाही. वीज आली तरी पेटी आपोआप चालू होत नाही. तिच्या मागे पांढरं बटण आहे, ते एकदा दाबायचं. हिरवा दिवा लागला की झालं. विसरू नकोस. गावातल्या घरातही पेटी नीट चालते असं मी इथे सगळ्यांना छातीठोक सांगून बसलोय.

गणपतीला रजा मिळत नाही. रागावू नकोस.

तुझा भूपेश

॥ श्री ॥
पडघा
१६ ऑगस्ट २०२५

चि. भूपेश यास आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. बाईंनी ओटीवर बसून सावकाश वाचून दाखवलं. ऐकून बरं वाटलं. तिकडे थंडी असते, तू वेळेवर जेवतोस, तांदळाच्या भाकरीची आठवण येते, सगळं कळलं. माझ्यासाठी राखाडी शाल बघून ठेवलीस हे वाचताना बाईंचाच आवाज मऊ झाला. राखाडी का रे पण? मी काय विधवांच्या आश्रमात राहते? असो, राखाडी तर राखाडी. ऊब रंगाला नसते.

पण पेटीचं मी एवढं विचारलं, त्यावर तू एक अक्षर लिहिलं न्हाईस. बाईंना दोनदा विचारलं, त्या बोलल्या, नाही हो, त्याने ते टाळलंय. तुलाही माहीत नसेल. लाजू नकोस.

पेटी पाच दिवस गप्प आहे. लाइनचं काम निघालं त्या दिवशी दिवा गेला तो गेलाच. मी बंद केली न्हाय. तूच बोललास बंद करू नकोस, म्हणून आपली आपण बंद झालेल्या पेटीलाही मी हात लावला न्हाय. म्हटलं दवाखान्यांना सुट्टी असेल. मांजर आता चुलीपाशी झोपतं.

गणपतीला येशीलच. घावन्यांचं पीठ काढून ठेवते.

तुझी आजी

॥ श्री ॥
बेंगळुरू
२५ ऑगस्ट २०२५

ती. आजीस सा. नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अक्षर लावायलाही वेळ लागला; ओळी एकमेकींवर चढल्यात, बाई घाईत होत्या वाटतं. पण अक्षर लागलं तरी अर्थ लागत नाही.

शाल कुठली? मी शालीचं काही लिहिलं नव्हतं. इथे थंडीही नाही. पेटीबद्दल तर पान भरून लिहिलं होतं, तांदळाच्या ढिगांचं. आणि गणपतीला येत नाही असं लिहिलं होतं. तू दुसऱ्या कोणाचं पत्र ऐकलंस का?

पेटी दोन आठवडे बंद आहे. मला इथून दिसतं. पेटीच्या मागचं पांढरं बटण एकदा दाब. आजी, हे वाक्य दोनदा वाचून घे.

तुझा भूपेश

॥ श्री ॥
पडघा
८ सप्टेंबर २०२५

चि. भूपेश यास आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र पावलं. तुझी बढती होणार, साहेब तुझ्यावर खूश, शाल धुऊन घडी घालून ठेवलीस, हे बाईंनी वाचलं. देव तुझं भलं करो.

पेटीचा दिवा लागला. कसा लागला ते विचारू नकोस. मांजर परत आलं.

आता एक गंमत. पेटीने माझ्या डोक्यात किडा सोडलाय. मीही आजपासून पेटी. एक गोष्ट तीन ढिगांत पाठवते. तीन पत्रं येतील, तीन हातांची. हा पहिला ढीग, आणि यात मी काहीच सांगणार न्हाय. तू फक्त या पत्राचं अक्षर बघ. लहानपणी गिरवलंस तसं, नीट बघ.

बाई विचारतात, हे काय खूळ? मी बोलले, म्हातारीचा खेळ आहे, तुम्ही लिहा. त्या लिहितायत. मला वाटतं तोंड वाकडं करून.

तू पत्ता घालून ठेवलेली दोन पाकिटं संपली. या पाकिटावर बाईच पत्ता घालतील.

तुझी आजी

पडघा नाका
९ सप्टेंबर २०२५

प्रति, भूपेशभाऊ
विषय: चांगुणाबाई यांचे म्हणणे

मी हिरामण, हायवेवरच्या वजनकाट्यावर ड्युटी करतो. गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहायची सवय आहे, लेटर कधी लिहिला नाही. आजी बोलतात, जसं बोलते तसं टाक. टाकतो.

भूपेश, हा दुसरा ढीग. हिरामण भिवंडीच्या निजामपुऱ्यात लहानाचा मोठा झाला, मराठी बोलता बोलता हिंदीत घुसतो, सांभाळून घे.

एक माणूस आहे. नाव सांगणार न्हाय. हिरामणने तीनदा विचारलं, त्यालाही सांगितलं न्हाय. हा माणूस दुसऱ्यांना कागद वाचून दाखवतो. तुला ठाऊक आहे, मला अक्षर येत न्हाय, पण कागदाच्या माथ्यावर काढतात ती श्री मी ओळखते. लग्नपत्रिकेवर असते, तू पण काढतोस. दोन टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाईसारखी दिसते. गेल्या आठवड्यात या माणसाने एक कागद हातात धरला. श्री खाली होती, त्याच्या अंगठ्याजवळ. आणि तसाच उलटा कागद धरून तो माणूस घडाघडा वाचत होता. मधेच थांबत होता, एका ठिकाणी हसलासुद्धा.

मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी तो कागद आणि आधीचा एक, दोन्ही हिरामणसमोर ठेवले. त्यातून तांदूळ निघाले, बटण निघालं, गणपतीला येत न्हाय ते निघालं. शाल निघाली न्हाय. घरी जाऊन बटण दाबलं.

हिरामणला वाटतं ही त्याच्या सेठची गोष्ट आहे. सेठपण बिना देखे साइन मारतो.

आजी (अंगठा)
लिहिणार: हिरामण. गाडी आली म्हणून इथेच थांबतो.

अंगणवाडी, पडघा
९ सप्टेंबर २०२५

भूपेशभाऊ, मी मैना, अंगणवाडीची. आजी आल्यात, पोरांचा खाऊ वाटून झाल्यावर लिहिते आहे. पुढचं आजींचं.

भूपेश, हा तिसरा ढीग.

एक बाई आहे. तिचं घर आहे, घराची किल्ली तिच्या कमरेला आहे. तिची एक गोष्ट बिघडलीय, काय ते या पत्रात न्हाय. ती गोष्ट कळली तर तिचा मुलगा गाडी घेऊन येईल, घराला कुलूप लावील आणि तिला आपल्या अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवील. मुलगा वाईट न्हाय, मायेनेच करील. पण ती मला एकदा बोलली होती, चांगुणाताई, तिथे मी फळीवरच्या बरणीसारखी राहीन, दिवसातून एकदा पुसली जाईन. त्या दिवसापासून हे माझ्या मनात आहे. ती गेली तर माझ्या ओटीवर कोण बसेल, हेही आहे. ते खोटं कशाला बोलू?

म्हणून तू कोणाच्याही मुलाला फोन करायचा न्हाय. पेटीचं निमित्त कर आणि स्वतः ये. बिघडलेलं नीट होत असेल. ज्या दवाखान्यांची आकडेमोड करतोस त्यांना विचार.

मैनाला वाटतं ही तिच्या सासूची गोष्ट आहे. तिला सासूला कधी गाडीत बसवते असं झालंय, म्हणून खूश होऊन लिहितेय.

(भाऊ, हे मी लिहीत नव्हते, आजींनी लिहायला लावलं. मैना.)

॥ श्री ॥
बेंगळुरू
१९ सप्टेंबर २०२५

ती. आजीस सा. नमस्कार.

दोन पत्रं मिळाली, एक वजनकाट्यावरचं आणि एक अंगणवाडीचं. तिसरं कुठलं ते कळत नाही. आलेलं नाही. पण ही दोनच पुरे आहेत.

मला कळलं ते असं. कोणीतरी तुला कागद खोटे वाचून दाखवतोय, आणि तुझ्या घराला कुलूप लावायचा घाट आहे. आजी, हे गोडाऊनवाले आहेत. वरच्या शेतावर त्यांचा डोळा आहे हे आई मला कधीची सांगते. 'एक बाई आहे' म्हणून तू आपलीच गोष्ट सांगतेस हे मला कळतं. मुलाचं काय ते मात्र कळलं नाही, तुला तर मुलगाच नाही.

घाबरू नकोस. मी सुमतीबाईंच्या मुलाला, सुयशला, फोन केला. तो ठाण्यात वकिलाकडेच कामाला आहे, त्या निमित्ताने आईलाही भेटेल. रविवारी २८ तारखेला येतोय. तोवर कशावरही अंगठा देऊ नकोस.

तुझा भूपेश

पडघा नाका
२९ सप्टेंबर २०२५

भूपेश, हे पत्र पुन्हा हिरामणच्या हातचं. सुरुवातीला विषय लिहू नको असं त्याला सांगितलंय.

तुझी अक्कल बेंगळुरूच्या थंडीत गोठली का? तिथे थंडी नसते हे मला आता माहीत आहे, तरी विचारते.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. बाईंनी वाचलं: प्रकृती छान, साहेबांनी तुला जेवायला बोलावलं. हल्ली मी प्रत्येक पत्र दोघांकडून वाचून घेते, पण शनिवारी हिरामणला सुट्टी होती. त्यामुळे खरं पत्र मला आज कळलं आणि सुयश काल येऊन गेला.

दारात गाडी थांबली तेव्हा आम्ही दोघी ओटीवर वाल सोलत होतो. बाईंना आवाजावरून कळलं. माझ्या घरातही त्या कशा वावरतात ते तू बघायला हवं होतंस. पाट कुठे, तांब्या कुठे, उंबरा किती पावलांवर, सगळं पाठ. सुयशला पाणी दिलं, पोहे केले, एक दाणा सांडला न्हाय. मला वाटलं निभावलं. तर पोरगा माझ्याकडे वळला आणि बोलला, आजी, कुठे अंगठा दिलात? मी बोलले, कुठे न्हाय. त्याने माझ्या ट्रंकेतून सातबाऱ्याचा कागद काढायला लावला आणि तो सरळ बाईंच्या हातात दिला.

"आई, तू वाच बघू मोठ्याने."

बाईंनी कागद धरला. सातबाऱ्यावर श्री नसते, भूपेश. वर कुठलं नि खाली कुठलं, त्यांनाही कळेना, मलाही कळेना. बाईंचा अंगठा नुसता कागदाच्या कडेवरून फिरत होता. मी उठले आणि तो कागद ओढून घेतला. बोलले, माझ्या घरचा कागद माझ्या नातवाशिवाय कोणी वाचायचा न्हाय. माझ्या पेटीला लोकांचे रोग दिसत नाहीत, मग तुम्हाला माझं शेत कशाला दिसायला पाहिजे?

सुयश उठला. जाताना गाडीपाशी आईला हळूच बोलला, पण मला ओठ वाचता येतात: आजींचं डोकं फिरलंय. त्याची गाडी गेल्यावर बाई माझा हात धरून बसल्या. मला वाटलं आता सांगतील. त्यांनी वालाची टोपली पुढे ओढली.

दिवाळीला तो त्यांना न्यायला येणार आहे. चार दिवसांसाठी, असं बोललाय. अकराव्या मजल्यावरचे चार दिवस किती मोठे असतात कोणास ठाऊक.

इथवर लिहून हिरामणने पेन खाली ठेवलं. आता त्याला सगळं कळलंय. बोलला, आजी, मैंने कुछ सुना नहीं. मग गार झालेला चहा पिऊन पुन्हा पेन उचललं.

तू ये.

आजी (अंगठा)

॥ श्री ॥
बेंगळुरू
४ ऑक्टोबर २०२५

बाई आणि आजी,

दोघींना नमस्कार.

बाई, तुम्ही वर्गात सांगायचात,

अक्षर असं काढ की

वाचणाऱ्याला वाकावं लागू नये.

आज तसं काढलंय.

तुमच्या हातचं ८ सप्टेंबरचं पत्र

काल मिळालं.

पत्ता लागत नव्हता म्हणून

ते फिरत होतं.

मी गुरुवारी १६ तारखेला येतो.

मला भिवंडीत डोळे तपासायचेत.

तुम्ही दोघी सोबत चला.

मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

शाल आणतो. राखाडी.

भूपेश

अंगणवाडी, पडघा
११ ऑक्टोबर २०२५

भूपेश, मैना लिहितेय. सासूची गोष्ट न्हाय हे कळल्यापासून जरा नाराज आहे, पण अक्षर चांगलं आहे.

तुझं पाकीट आलं ते केवढं जाड. आठ पानं, एकेका पानावर दोन ओळी, अक्षरं भिंतीवर घोषणा लिहितात तशी. बाईंनी सवयीने कागद हातात घेतला आणि सवयीने तोंड उघडलं. 'प्रकृती छान आहे' एवढं बोलल्या आणि थांबल्या. कागद लांब धरला, जवळ आणला. मग वाचायला लागल्या. या वेळी पोटातलं न्हाय, कागदावरचं. एकेक अक्षर बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं. माझं ऐकणं मंद, त्यांचं बघणं मंद, दुपार निघून गेली.

'कोणाला काही सांगितलेलं नाही' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. शालीपाशी आल्या आणि पान मांडीवर ठेवलं. आपण मनाने विणलेली शाल दुसऱ्याच्या अक्षरात बघून माणसाला काय वाटत असेल, मला सांगता यायचं न्हाय.

त्या बोलल्या, "चांगुणाताई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"श्री तुमच्या अंगठ्याखाली गेली तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

मी खरं तेच सांगितलं. "भूपेश पत्रात बटणं लिहितो. तुम्ही शाल वाचायच्या."

बाई हसल्या आणि मग रडल्या. माझी पेटी मात्र तोंड फिरवून घरघरत राहिली. तिला दिसत न्हाय ते बरंच आहे.

मग त्यांनी सांगितलं. होळीच्या आधीपासून सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं. पहिल्या पत्राच्या वेळी वाटलं, चष्मा पुसून घेऊ आणि उद्या वाचू. मी समोर बसलेली, कान पुढे करून. उद्या म्हणवेना, म्हणून तोंडाला आलं ते वाचलं. एकदा वाचलं की मग दुसऱ्यांदा कबूल कसं करायचं? बटणाचं त्यांना माहीतच नव्हतं. तुझी पेटी आपल्यामुळे बंद राहिली हे त्यांना लागलंय. मी बोलले, पेटीला पण दिसत न्हाय, तिने कधी माफी मागितलीय का?

त्या गुरुवारी येतील. पण एक अट आहे. डॉक्टर काय बोलतील ते बोलोत, सुयशला त्या स्वतः सांगतील, आणि झाल्यावर सांगतील. आधी न्हाय.

तू ये. येताना मोठी अक्षरं घेऊन ये.

आजी (अंगठा)

पडघा, ता. भिवंडी
७ डिसेंबर २०२५

चि. भूपेश यास चांगुणा आजीचे अनेक आशीर्वाद.

ही ओळ बाईंची आणि अक्षरही बाईंचं. बघ, ओळी आता एकमेकींवर चढत नाहीत. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं संक्रांतीनंतर करू असं डॉक्टर बोललेत. मोतीबिंदूच तो, पिकून फणस झालेला. एवढ्यासाठी बाई होळीपासून दिवाळीपर्यंत आंधळी कोशिंबीर खेळल्या.

तू गेल्यावर सुयश दिवाळीला आला. बाईंनी दारातच हिरवा चष्मा लावून त्याला सांगितलं. पोरगा आधी रागावला, मग पायरीवर बसून राहिला. पंधरा दिवस त्या ठाण्याला राहून आल्या. बोलतात, अकराव्या मजल्यावरून खाडी दिसते, वाईट न्हाय. पण परत आल्या. किल्ली कमरेला आहे, मी हात लावून बघितली.

परवा आम्ही ट्रंकेतली तुझी सगळी पत्रं काढली आणि बाईंनी ती खरी खरी वाचली. मी सगळी ऐकून घेतली. तू शहाणा आहेस, कामाचा आहेस, पण तुझ्या पत्रात जीव न्हाय रे. म्हणून आता असं ठरलंय: तुझं पत्र आलं की बाई आधी कागदावरचं वाचतील आणि मग पोटातलं. कोणतं कुठलं ते मी ओळखीन. गेल्या खेपेला पोटातल्या पत्रात तुझं लग्न ठरलं होतं. मुलगी निजामपुऱ्यात शिक्षिका आहे. बघ, पटतं का.

पेटी चालू आहे. हिरवा दिवा, पांढरं बटण, मांजर, सगळं जागेवर. तांदळाचे ढीग मी तीनदा करून बघितले, मैना आणि बाईंना बसवून. पहिल्यांदा आमची तिघींची मिळून एकशे नव्वद वर्षं भरली, मग दोनशे सहा, मग एकशे पंचाण्णव. कोणीतरी लबाडी करतंय, किंवा मांजराने दाणे सांडले. न दिसणाऱ्याची बेरीज कशी होते ते मला अजून कळलेलं न्हाय. पण चाललंय.

शाल अंगावर आहे. राखाडी असली तरी.

तुझी आजी, डाव्या हाताचा अंगठा

ता. क. भूपेश, एवढं माझं स्वतःचं. पत्राच्या माथ्यावर श्री नाही म्हणून तू बिचकला असशील. मी काढायला गेले तर चांगुणाताईंनी पेन हातातून घेतलं. म्हणाल्या, आज मी काढते, तुम्ही तोवर दाराकडे बघा. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पेन धरलं, आणि श्री काढली ती माथ्यावर नव्हे, पानाच्या तळाशी. मग कागद उलटा करून माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मी कागद सरळ केला आणि लिहायला घेतलं.

मला दिसली.

सुमती

॥ श्री ॥